पायमोजे काढून बसा: नव्या संधिवातात पाय कसे सांभाळायचे

मी ऑफसेट छपाईच्या मशीनवर काम करतो. २२ वर्षं झाली. पाळीचे आठ तास उभं राहायचं, कागद आत घेणाऱ्या फीडरपासून छापील कागद बाहेर पडतो त्या डिलिव्हरीपर्यंत येरझाऱ्या घालायच्या, मधून मधून मशीनच्या लोखंडी पायरीवर चढायचं. हे सगळं पायांच्या जिवावर चालतं, आणि पायांकडे मी कधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. वयाच्या ४६व्या वर्षी एका सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला आणि उजव्या चवड्याखाली खडा आला असं वाटलं. वाकून पाहिलं तर काही नाही. आठवड्याभरात तोच खडा दोन्ही पायांखाली होता.

ती ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसची सुरुवात होती, हे कळायला मला साडेचार महिने लागले. तेवढ्या काळात मी सेफ्टी शूज बदलले, एक नंबर मोठे घेतले, टाचेखाली जेलच्या गाद्या घातल्या. एका दवाखान्यात युरिक अॅसिड तपासलं, ते नॉर्मल निघालं. "उभ्याचं काम आहे, पाय दुखणारच," असं सांगून वेदनाशामक गोळ्या दिल्या. गोळी घेतली की तीन-चार तास बरं वाटायचं, मग ये रे माझ्या मागल्या. शेवटी हाताची बोटं सुजली, शाईच्या डब्याचं झाकण उघडेना, तेव्हा संधिवाततज्ज्ञ डॉक्टरबाईंकडे गेलो.

ज्यांचं निदान नुकतंच झालंय, किंवा ज्यांना अजून नुसता संशय आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. या आजारात हातांकडे सगळ्यांचं लक्ष जातं, पाय बुटात झाकलेले राहतात. पायाचं दुखणं आपोआप डॉक्टरांपर्यंत पोचत नाही, ते आपल्यालाच पोचवावं लागतं. ते कसं पोचवायचं आणि तोवर पाय कसे सांभाळायचे, हे मला जसं जमत गेलं तसं सांगतो.

सकाळी पलंगाच्या कडेवर

एका पायात २६ हाडं आणि ३३ सांधे असतात. ऱ्हुमॅटॉइडमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती सांध्याच्या आतल्या अस्तरावरच हल्ला करते, ते अस्तर सुजतं, आणि सूज तशीच राहू दिली तर शेजारचं हाड कुरतडलं जातं. सुरुवात बहुतेक वेळा लहान सांध्यांपासून होते. पायात त्याचा मोर्चा वळतो तो बोटांच्या मुळाशी, चवड्यात असलेल्या पाच सांध्यांच्या ओळीकडे. चालताना टाच उचलली की अंगाचा भार याच ओळीवर येतो, म्हणून खडा टोचल्यासारखं वाटतं.

घरी करून पाहण्यासारखी एक गोष्ट आहे. सकाळी उठल्यावर पलंगाच्या कडेवर बसा आणि एक पाय दुसऱ्या मांडीवर घ्या. अंगठ्याच्या मुळाशी एका बाजूनं आणि करंगळीच्या मुळाशी दुसऱ्या बाजूनं हात लावून चवडा आडवा दाबा. जोर किती? कुणाशी हस्तांदोलन करताना लावतो तेवढाच. निरोगी पायाला याचं काही वाटत नाही. सांधे सुजलेले असतील तर जीव कळवळतो. मग एकेक सांधा वरून आणि खालून चिमटीत धरून पाहा. एरवी हाडाची कड बोटाला स्पष्ट लागते. सुजलेल्या जागी ती हरवते आणि मऊ, रबरासारखं काहीतरी लागतं. मला हा फरक पहिल्यांदा कळला तो उजव्या पायाच्या दुसऱ्या बोटाच्या मुळाशी. डाव्या पायावर तीच जागा चाचपली आणि दोन्हीकडे सारखंच लागलं, तेव्हा पोटात गोळा आला.

दमलेला पाय आणि सुजेचा पाय यांत गफलत होते, माझी झालीच. दमलेला पाय संध्याकाळी ठणकतो आणि रात्रभर पडून राहिलं की सकाळी मोकळा होतो. सुजेचा पाय सकाळी सगळ्यात जास्त आखडलेला असतो, पहिली पावलं खुरडत टाकावी लागतात, आणि चालू लागल्यावर हळूहळू सुटतो. घड्याळ लावून पाहा. आखडलेपण अर्ध्या तासाहून जास्त टिकत असेल, दोन्ही पायांत जवळपास सारख्या जागी दुखत असेल आणि हे रोजचंच झालं असेल, तर बूट बदलत बसू नका. सांधे सुजल्यावर सहा आठवड्यांच्या आत संधिवाततज्ज्ञांनी पाहावं आणि लक्षणं सुरू झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत मूळ आजारावरचं औषध चालू व्हावं, असं या विषयातले जाणकार सांगतात. सुरुवातीच्या काही महिन्यांत आजार आटोक्यात आणला तर हाडं वाचण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते. माझे त्यातले साडेचार महिने बुटांच्या मागे गेले. त्याची हळहळ अजून वाटते.

रक्तात आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या आजाराच्या खुणा तपासतात, सूज मोजायला ईएसआर आणि सीआरपी. या तपासण्या निगेटिव्ह आल्या म्हणजे आजार नाहीच असं नसतं. एक्स-रे काढताना मात्र एक आग्रह धरा: हातांबरोबर पायांचाही काढायला सांगा. माझ्या हातांच्या फिल्मवर काहीही नव्हतं. डाव्या पायाच्या फिल्मवर डॉक्टरबाईंनी पेनाचं टोक ठेवून दाखवलं, करंगळीच्या मुळाशी हाडाच्या बाहेरच्या कडेला एक बारीकशी खाच होती, गठ्ठ्यातल्या कागदाची कड नखानं टोकरावी तशी. हाडाची पहिली झीज बऱ्याच जणांमध्ये इथंच दिसते, असं त्या म्हणाल्या.

२८ सांध्यांची मोजणी

औषध सुरू झालं. मेथोट्रेक्सेट, आठवड्यातून एकदाच, आणि सोबत फॉलिक अॅसिड. "आठवड्यातून एकदाच" हे मी मुद्दाम पुन्हा लिहितो, कारण चुकून रोज घेतलं तर हे औषध जिवावर बेतू शकतं. मी शनिवार ठरवलाय आणि कॅलेंडरवर शनिवारांना लाल गोल करून ठेवलेत. औषधाचा गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात, तोवर डॉक्टरांनी थोडे दिवस स्टेरॉइडची लहान मात्रा दिली होती. रक्तपेशी, यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या ठरलेल्या वेळी करायच्याच. बायकांनी दिवस राहण्याचा विचार असेल तर तो औषध सुरू होण्याआधीच सांगावा, कारण मेथोट्रेक्सेट गर्भाला घातक आहे.

पाचव्या महिन्यात हात उत्तम झाले. मुठी वळू लागल्या. तपासणीला गेलो, त्या दिवशी दुसरे तरुण डॉक्टर होते. त्यांनी सांधे दाबून पाहिले, आकडेमोड केली आणि आनंदानं म्हणाले, "२.४. म्हणजे रेमिशन, आजार शांत!" मी पण खूश झालो. मग खुर्चीतून उठलो आणि दारापर्यंत लंगडत गेलो.

हे असं का झालं ते मला पुढच्या खेपेला कळलं. आजार किती जागा आहे हे मोजायला डीएएस-२८ नावाचं मोजमाप वापरतात. त्यात २८ सांधे धरतात: खांदे, कोपरं, मनगटं, हाताच्या बोटांचे सांधे आणि गुडघे. घोटे आणि पाय त्यात नाहीत. आकडा २.६ च्या खाली गेला की आजार शांत मानतात. मोजायला सोपं आणि झटपट म्हणून हे मोजमाप रुळलं, आणि ते खोटं बोलत नाही; फक्त गुडघ्याखालचं काही बोलत नाही. पायांसकट मोजणाऱ्या ६६-६८ सांध्यांच्या पद्धतीही आहेत, पण गर्दीच्या ओपीडीत त्यांना वेळ पुरत नाही. त्या तरुण डॉक्टरांचा मला राग नाही. मी बूट घालून बसलो होतो आणि पायांबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

पुढच्या वेळी खोलीत शिरल्या शिरल्या बूट-मोजे काढले. डॉक्टरबाईंनी चवडा दाबला आणि मी ओरडलो. पायाची सोनोग्राफी केली, त्यात दोन्ही पायांच्या दुसऱ्या-तिसऱ्या बोटांच्या मुळाशी सूज चालूच असल्याचं दिसलं. औषधाची मात्रा वाढली, सोबत दुसरं औषध आलं. हाताच्या आकड्यावर समाधान मानलं असतं तर ती सूज आतल्या आत हाड कुरतडत राहिली असती.

कागदावरचा पाय

"पाय दुखतात" एवढंच सांगून काही होत नाही. किती, कुठे, कधी, आणि त्यामुळे काय करता येईनासं झालंय, हे सांगावं लागतं. तपासणीच्या खोलीत ते आठवत नाही. म्हणून मी कागद वापरतो. आमच्याकडे वाया गेलेल्या शीटची कमी नाही, कोऱ्या बाजूनं घ्यायच्या.

शीट जमिनीवर अंथरून दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभे राहा. पेन्सिल दुसऱ्या कुणाच्या तरी हाती द्या. आपणच वाकलो तर भार पुढे जातो आणि पायाचा आकार बदलतो. माझी मुलगी काढून देते. पेन्सिल सरळ उभी धरून पायाच्या कडेकडेनं फिरवायची, बोटांच्या फटींतही. हे संध्याकाळी करा, तेव्हा पाय सगळ्यात फुगलेला असतो. पायावर उजवा-डावा आणि तारीख टाका.

आता या आकृतीवर दुखणं मांडायचं. मी सकाळचं लाल पेनानं आणि संध्याकाळचं निळ्यानं मांडतो. दाबल्यावर दुखतं तिथं फुली, सूज दिसते तिथं गोल, मुंग्या किंवा आग होते तिथं ठिपके. फुलीशेजारी शून्य ते दहा असा आकडा. कोपऱ्यात सकाळचं आखडलेपण किती मिनिटं टिकलं ते. रोज नाही, आठवड्यातून दोनदा पुरतं; रोज मांडत बसलं की मन सारखं दुखण्यातच राहतं.

कागदाच्या मागच्या बाजूला काय जमत नाही ते लिहितो. यासाठी १९९१ पासून वापरात असलेली, ऱ्हुमॅटॉइडच्याच रुग्णांसाठी तयार केलेली फूट फंक्शन इंडेक्स नावाची २३ प्रश्नांची प्रश्नावली आहे. तिचे तीन भाग आहेत: दुखणं, अडचण आणि कामावर आलेली मर्यादा. मी तिची मांडणी डोळ्यापुढे ठेवून स्वतःपुरते प्रश्न करून घेतले. अनवाणी उभं राहताना किती दुखतं, बूट घालून किती? घरात चालणं, बाहेर चालणं, जिना चढणं, जिना उतरणं, खुर्चीतून उठणं, चवड्यांवर उभं राहणं, भरभर चालणं यांत कुठे अडतं? पायांमुळे या आठवड्यात किती दिवस घरातच बसून काढले? काठी लागली का? शेवटचे दोन प्रश्न लिहिताना मला लाज वाटायची. लाजू नका. "रस्ता ओलांडायला सिग्नलची वेळ पुरत नाही" किंवा "मशीनच्या पायरीवर उजवा पाय आधी टाकता येत नाही" या वाक्यांतून डॉक्टरांना दुखण्याच्या आकड्याहून जास्त समजतं.

या कागदांतून मला एक गोष्ट अचानक दिसली. पहिल्या आणि चौथ्या महिन्याच्या शीट एकावर एक ठेवून दिव्यासमोर धरल्या, रजिस्टर जुळतंय का, म्हणजे ठसे एकमेकांवर नेमके बसतात का, ते आम्ही असंच पाहतो. उजव्या पायाच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या बोटांमधली फट वाढली होती. आत सूज आली की ती बोटांना एकमेकांपासून दूर ढकलते. माझ्या लक्षातही आलं नव्हतं, कागदानं दाखवलं.

तपासणीच्या दिवशी सहज निघतील असे बूट घाला. तुमचा नंबर येण्याआधी बाहेरच बंद सैल करून ठेवा. आत गेल्यावर पहिलं वाक्य पायांचं असू द्या: "डॉक्टर, हात बरे आहेत, पाय बघायचेत." रोजचे बूट आणि त्यातले इनसोल दाखवा, तळ कुठे झिजलाय ते पाहून त्यांना चाल कळते. घोट्याच्या आतल्या बाजूला, हाडामागे सूज असेल तर तीही दाखवा. तिथून एक कंडरा जाते, ती पायाची कमान उचलून धरते. ती सुजून कमजोर झाली की कमान बसते आणि टाच बाहेर कलते. घरच्या कुणाला तरी मागून टाचांचा फोटो काढायला सांगा, आपल्या टाचा आपल्याला दिसत नाहीत.

बूट निवडताना

बुटांनी आजार बरा होत नाही, हे मी साडेचार महिने मोजून शिकलो. पण औषध चालू असताना बरोबर बूट असेल तर दिवस निभावतो, आणि चुकीचा असेल तर औषधाचा गुणही जाणवत नाही.

पायाची ती आकृती कार्डबोर्डवर उतरवून कापा आणि दुकानात नेऊन बुटात सरकवा. कडा दुमडल्या तर बूट अरुंद आहे, सेल्समन काहीही म्हणो. माझी गंमत बघा, मी नंबर मोठा घेत गेलो, म्हणजे लांबी वाढली, पण चवड्याला हवी होती रुंदी आणि बोटांवर उंची. लांब बुटात पाय पुढे घसरायचा आणि बोटं आणखी आवळायची. इनसोल काढता येणारा, आतून खोल बूट घ्या, म्हणजे पुढे वेगळं इनसोल बसवायला जागा राहते. सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. आत बोटांवर येणारी शिलाई हात घालून चाचपून पाहा.

मग बूट हातात घेऊन वाकवा. तो मधोमध दुमडला, किंवा पिळलेल्या फडक्यासारखा वळला, तर ठेवून द्या. वाकायला हवा तो बोटांच्या मुळाशी, आणि तिथंही कमीच. तळ ताठ असला की सुजलेल्या सांध्यांना वाकावं लागत नाही. पुढून किंचित वर उचललेला, झोपाळ्याच्या तळासारखा गोलसर सोल असेल तर पाऊल आपोआप पुढे लोळतं. चवडा जास्त दुखणाऱ्यांना त्याचा फार आराम पडतो. टाचेमागची कड घट्ट, उंची कमी, दोन-तीन सेंटीमीटरच्या आत. बंद किंवा वेल्क्रो असावा, म्हणजे सुजेप्रमाणे सैल-घट्ट करता येतो, आणि हातही दुखत असतील तर वेल्क्रोच बरा. अगदी मऊ, लुसलुशीत चपला हातात धरल्यावर मोहात पाडतात, पण त्यांत पाय आतल्या बाजूला कलंडतो आणि संध्याकाळी घोटा बोलतो.

माझ्यासारखे जे सेफ्टी शूज घालतात त्यांना ते सोडता येत नाहीत, सोडूही नयेत. बोटांवरच्या पोलादी टोपीऐवजी कंपोझिट, म्हणजे बिनधातूच्या, टोपीचे बूट वजनाला हलके असतात, आणि रुंद फिटिंगमध्येही मिळतात. डॉक्टरांची चिठ्ठी सुपरवायझरला दाखवल्यावर मला ते मिळाले. सेफ्टी शूजचा जाड, ताठ तळ मात्र आपल्या फायद्याचाच आहे. घरातही कडक फरशीवर अनवाणी फिरू नका. चवड्याखाली निसर्गानं दिलेली चरबीची गादी या आजारात पुढे बोटांकडे सरकते आणि हाड जवळपास कातडीवर टेकतं.

शाईची खूण

आता ती गोष्ट, जिच्यामुळे माझा खडा निम्मा झाला. फूट ऑर्थोटिक्स, म्हणजे पायांसाठी खास इनसोल आणि पॅड, करणाऱ्या तज्ज्ञांनी मला चवड्यासाठी एक छोटा, थेंबाच्या आकाराचा पॅड दिला. मला वाटलं, दुखतं तिथंच ठेवायचा. तसं केलं आणि खडा दुप्पट झाला. परत गेलो तेव्हा त्यांनी पद्धत दाखवली.

दुखणारा सांधा तळव्याच्या बाजूनं बोटानं शोधायचा. त्यावर धुतली जाणारी शाई लावायची, मी स्टँपपॅडची वापरली. शाई ओली असतानाच, मोजा न घालता, बुटातल्या इनसोलवर पाय ठेवून पूर्ण भार द्यायचा आणि सरळ वर उचलायचा, न घासता. इनसोलवर गोल ठसा उमटतो. पॅड या ठशावर लावायचा नाही; ठशाच्या मागे, टाचेकडच्या बाजूला, ठशाला जेमतेम भिडेल असा लावायचा. मग भार हाडाच्या टोकावरून मागे सरकतो आणि सांध्याला उसंत मिळते. पहिल्या दिवशी एक तास, दुसऱ्या दिवशी दोन, असं वाढवत नेलं. पहिले काही दिवस तळव्यात काहीतरी आल्यासारखं वाटतं, ते जातं. आठवडाभरानंतरही टोचत असेल तर पॅड पुढे सरकलाय किंवा उंच आहे, पुन्हा दाखवा.

मी २२ वर्षं कागदावर ठसे जुळवत आलोय. पायाचा ठसा जुळल्यावर मशीनवरून डिलिव्हरीपर्यंत चालत गेलो आणि परत आलो, तेव्हा डोळ्यांत पाणी आलं.

ज्यांची टाच कलायला लागलीय त्यांना मापाचं, थोडं कडक इनसोल लागतं. ते तज्ज्ञांकडूनच करून घ्या, आणि लवकर. सांधा हलता आहे तोवर इनसोल त्याला सरळ धरू शकतं, एकदा तो कायमचा वाकडा बसला की नुसता आधार देण्यापलीकडे त्याला काही करता येत नाही.

काम, व्यायाम आणि फ्लेअरचे दिवस

उभ्याचं काम असेल तर सलग उभं राहणं तोडा. मी डिलिव्हरीपाशी एक उंच स्टूल मागून घेतलं, शीट तपासायला बसलं तरी चालतं. कन्सोलसमोर रबरी मॅट टाकली. चढायची-उतरायची कामं पाळीच्या मध्यावर ठेवतो, कारण सुरुवातीला पाय आखडलेले असतात आणि शेवटी थकलेले. हे सगळं मागायला सहकाऱ्यांना आजार सांगावा लागला. बाहेरून काही दिसत नाही, त्यामुळे लोकांना खरं वाटत नाही. मी त्यांना पायाचा एक्स-रे दाखवला.

चालणं बंद करू नका. आजार आटोक्यात असताना व्यायामानं सांधे झिजत नाहीत, उलट बसून राहिल्यानं स्नायू सुकतात. मी पलंगावरच घोटे गोल फिरवतो, बोटं पसरून मिटतो, आणि भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणतो, तीस-तीस सेकंद. पोटरी आखडली की चवड्यावरचा भार वाढतो, म्हणून हा ताण मी चुकवत नाही. बाकीचं फिजिओथेरपिस्टना विचारा.

फ्लेअरच्या दिवशी, म्हणजे आजार मध्येच उसळतो तेव्हा, हिशेब वेगळा. सांधा गरम आणि सुजलेला असेल तर फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं, कातडीवर थेट नाही. सकाळचं आखडलेपण कोमट पाण्यानं सुटतं. बधिरपणा असेल तर पाणी आधी कोपरानं तपासा. लांब चालण्याऐवजी सायकल किंवा पोहणं. काठी लागली तर ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची आणि तिची मूठ मनगटाच्या रेषेपर्यंत यायला हवी. फ्लेअर आठवड्याहून लांबला तर पुढच्या तारखेची वाट न पाहता फोन करा. नुसत्या वेदनाशामकांवर दिवस ढकलू नका, त्यांनी दुखणं झाकलं जातं, हाडाची झीज थांबत नाही, आणि पोट व मूत्रपिंडाला त्रास होतो तो वेगळाच.

सिगारेट ओढत असाल तर सोडा. तिनं हा आजार बळावतो आणि औषधांचा गुण कमी होतो.

कातडी आणि धोक्याच्या खुणा

रात्री पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून, तळवे उजेडात पाहा. वाकवत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवा. भार जिथं जास्त पडतो तिथं घट्टे आणि कुरुपं येतात. ती ब्लेडनं कापू नका आणि कुरुपावर लावायच्या आम्लाच्या पट्ट्याही चिकटवू नका. आपल्या औषधांमुळे संसर्गाशी लढायची ताकद कमी झालेली असते, स्टेरॉइडनं कातडी पातळ होते, आणि छोटी जखम चिघळायला वेळ लागत नाही. जखमेसाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तर मेथोट्रेक्सेट चालू असल्याचं आधी सांगा. को-ट्रायमोक्साझोल हे अँटिबायोटिक त्याच्याबरोबर घेतलं तर रक्तपेशी धोकादायक पातळीपर्यंत घटू शकतात. संसर्ग असताना मेथोट्रेक्सेट थांबवायचं का, हे संधिवाततज्ज्ञांनाच विचारा.

काही गोष्टींना त्याच दिवशी दवाखाना गाठावा लागतो. एकच सांधा अचानक लालबुंद, गरम आणि प्रचंड दुखरा झाला, सोबत ताप किंवा थंडी वाजली, तर सांध्यात जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. पाऊल अचानक लुळं पडून चालताना बोटं जमिनीला घासू लागली, किंवा नखांभोवती बारीक काळे ठिपके आले, किंवा घोट्यावर न भरणारी जखम झाली, तर रक्तवाहिन्यांना सूज आलेली असू शकते. एकाच पोटरीला सूज येऊन ती दुखू लागली तर रक्ताची गुठळी असू शकते. यांतलं काहीही "संधिवातच असेल" म्हणून सोडून देऊ नका.

परवा रात्री मुलीनं नवी शीट काढून दिली. तिच्यावर गोल एकही नाही. लाल फुली एक, उजव्या पायाच्या दुसऱ्या बोटाच्या मुळाशी, शेजारी आकडा दोन. निळ्या दोन. सकाळचं आखडलेपण दहा मिनिटं. मागच्या बाजूला एकच ओळ लिहिली आहे, जिना उतरताना कठडा धरावा लागतो. शीटची घडी घालून फाइलमध्ये ठेवली आहे, पुढची तारीख बुधवारची आहे.